हो म्हणणाऱ्याला चहा नाही

मिसजींच्या घरी 'हो' म्हणणाऱ्याला चहा मिळत नसे. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत मी अंग चोरून बसले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "समज, आपण दोघी नैनितालला निघालोय. मी म्हणते, बसने जाऊ. तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, "यस, मिसजी." "बरं, मग मी म्हणते, बस नको, ट्रेनने जाऊ." मी म्हटलं, "यस, मिसजी." त्यांनी ट्रे स्वतःकडे ओढला आणि माझ्यादेखत, अगदी सावकाश, एकट्यांनीच चहा घेतला. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की बाई तऱ्हेवाईक आहेत, मी काही तिथे पुन्हा पाऊल ठेवायची नाही. पुढच्या शुक्रवारी तीनच्या ठोक्याला मी त्यांच्या दारात हजर होते.

ही नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. लग्न झालं आणि मी अकोल्याहून थेट लखनौला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत येऊन पडले. नवरा इंजिनिअर. कॉलनीतल्या साहेबांच्या बायका महिन्यातून एकदा जमायच्या आणि सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी बी. ए. झालेली, इंग्रजी पुस्तकं वाचणारी; पण तोंड उघडायची वेळ आली की टाळूला जीभ चिकटायची. मग मी नुसती हसायची. माझं हसणं इतकं प्रसिद्ध झालं होतं की बायका मला 'बहुत स्वीट' म्हणत. ते ऐकून मला रडू यायचं.

कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या गल्लीत मिसजींचं छोटं बैठं घर होतं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता घरीच बायकांना इंग्रजी बोलायला शिकवत. मूळच्या झाशीकडच्या मराठी घरातल्या, लग्नानंतर चाळीस वर्षं लखनौत. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा बंगलोरला मोठ्या नोकरीत. त्यांचं मराठी ऐकण्यासारखं होतं. "अगं बेटा, सब्जी चढवून आले, आता फुरसत आहे, इत्मीनानाने बस," असं म्हणायच्या. मला आधी हसू यायचं. पुढे माझीच आई फोनवर विचारू लागली, की तू अशी काय बोलतेस गं?

शिकवणी मंगळवारी आणि शुक्रवारी. विषय कायम एकच, प्रवास. "मतभेदाला प्रवासासारखी जागा नाही," त्या म्हणत. "घरात वाजलं तर उठून दुसऱ्या खोलीत जाता येतं. डब्यात कुठे जाशील?" मग दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावायच्या, तो बर्थ. बागेकडची खुर्ची ती खिडकीची जागा. तिच्यावरून आम्ही इंग्रजीत वाद घालायचा. आवाज न चढवता, पण हटायचं नाही. माझ्या जोडीला श्रीवास्तव भाभी असायच्या, कॉलनीतल्याच. त्या दोन वाक्यांतच घायकुतीला येत आणि हिंदीत म्हणत, "हाय राम, आप ही ले लीजिए खिड़की, मुझे तो वैसे भी धूप लगती है।" त्यांचा चहा गेला म्हणून समजावं. "खिडकी हवी असेल तर माग, नको असेल तर मनापासून दे," मिसजी त्यांना सांगत. "देऊन टाकायची आणि कानपूरपर्यंत कुढत बसायचं, ही कसली तहज़ीब?"

त्यांच्या लेखी नम्रपणे 'नाही' म्हणण्याची एक रीत होती आणि त्या रीतीत त्या काडीचाही फरक चालवून घेत नसत. समोरच्याचं जेवढं बरोबर असेल तेवढं आधी मोकळ्या मनाने कबूल करायचं. मग एक क्षण थांबायचं. मग 'बट' म्हणायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. आणि मांडून झाल्यावर हसायचं नाही. या शेवटच्यावर त्यांचा फार कटाक्ष. "आपण बायका मोठ्या मुश्किलीने नाही म्हणतो आणि लगेच दात दाखवतो. हसलीस की तुझं म्हणणं परत घेतलंस." मला ते हसू आवरायला चार महिने लागले. चार महिन्यांत चहा किती मिळाला हे विचारू नका.

एकदा मी विचारलं, "मिसजी, तुम्ही एवढे प्रवास घडवता, तुम्हाला स्वतःला नाही वाटत कुठे जावंसं?" त्यांनी बागेकडे पाहिलं. बाग म्हणजे काय, एक पेरूचं झाड आणि चार कुंड्या. "मला कुठे जायचंय बेटा? जिथे पोचायचं होतं तिथेच राहतेय मी," असं म्हणून त्यांनी पुन्हा आम्हाला पुरीच्या गाडीत बसवलं.

त्यांच्या शिकवण्याला पहिलं फळ आलं ते कॉलनीच्या सहलीच्या वेळी. सर्वांत मोठ्या साहेबांच्या बाईंनी जाहीर केलं की बस पहाटे पाचला सुटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठले. लवकर निघालं की ऊन लागत नाही, हे तुमचं अगदी बरोबर आहे, असं इंग्रजीत म्हटलं. थांबले. मग म्हटलं, "बट मॅडम, इट इज जॅन्युअरी," आणि लहान मुलांचं, धुक्याचं सांगितलं. आणि हसले नाही. बस सातला सुटली. मिसजींना कळलं तेव्हा त्या रिक्षा करून हज़रतगंजला गेल्या, केक घेऊन आल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी तुकडा वाटला. विचारणाऱ्याला सांगत, "माझ्या मुलीने नाही म्हटलं." ऐकणाऱ्यांना काय कळलं असेल देव जाणे.

त्याच्या पुढच्या थंडीत मिसजी न्हाणीघरात घसरून पडल्या. दूधवाल्याने हाक मारली म्हणून कळलं, तोवर दोन तास त्या गार फरशीवर होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण बंगलोरला बातमी गेली. मुलाचा फोन आला की तो येतोय आणि आईला कायमची घेऊन जाणार आहे. घराचंही तेव्हाच बघणार आहे.

त्या मंगळवारी मिसजींनी खुर्च्या लावल्याच नाहीत. श्रीवास्तव भाभी गेल्यावर मला थांबवून म्हणाल्या, "मला जायचं नाही. इथे मरायला पण माझी हरकत नाही, पण जायचं नाही. मात्र त्याच्यासमोर माझी जुबान उघडत नाही गं. बाप नसलेलं पोर, त्याला मी कधी नाही म्हटलंच नाही. तू बोल. तुझं तो ऐकेल." मी त्यांना शब्द दिला. रात्री त्यांच्याकडे झोपायला एखादी बाई बघून देईन, सकाळ-संध्याकाळ मी स्वतः येऊन जाईन, सगळं ठरवलं. इंग्रजीतली वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली.

मुलगा आला. चाळिशीला आलेला, थकलेला, वागायला अतिशय सभ्य. मराठी त्याला समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो. मिसजी चहा ओतायला ट्रे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मी सुरुवात त्यांनी शिकवल्याप्रमाणेच केली. म्हटलं, तुमची काळजी अगदी योग्य आहे. या वयात एकटीने राहणं धोक्याचं आहे, त्या पडल्या तेव्हा आम्हीही घाबरलो. आणि शिकवल्याप्रमाणे एक क्षण थांबले.

त्या एका क्षणात त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "थँक यू," तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही सगळे तिचीच बाजू घ्याल. यू अंडरस्टँड." मग आईकडे वळून म्हणाला, "बघ अम्मा, त्यांनाही पटतंय." वर माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं, किती सुंदर बोलता म्हणून.

'बट' माझ्या ओठांवर होतं. मिसजी माझ्याकडे पाहत होत्या, किटली हातात तशीच. मला वाटलं, या भल्या माणसाला आता कसं तोडू? उद्या त्या पुन्हा पडल्या तर बोल कुणाला लागेल? आणि खरं सांगायचं तर ते कौतुकही मला गोड लागलं होतं. मी हसले.

मिसजींनी किटली वाकवली. पहिला कप भरला, दोन चमचे साखर घातली, मला लागते तेवढी, आणि उठून माझ्या हातात दिला. "घे बेटा, थंड होईल," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तो चहा प्यायले. तेव्हापासून आजवर इतका चहा प्यायले असेन, पण त्या कपाची चव तोंडातून गेलेली नाही.

पंधरा दिवसांत घर आवरलं. अमौसीच्या विमानतळावर आम्ही दोघी पोचवायला गेलो. श्रीवास्तव भाभी हमसाहमशी रडत होत्या. मिसजी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. मी वाकून नमस्कार केला, काही बोलायचा प्रयत्न केला, तर त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू सुरुवात फार छान केली होतीस."

दोनेक महिन्यांनी त्यांचं एकच पत्र आलं. मराठीत, निळ्या अंतर्देशीयावर. विमानात खिडकीची जागा न मागता मिळाली, ढगांशिवाय काही दिसलं नाही, असं लिहिलं होतं. सून चांगली आहे, मुलगा जपतो, खोलीत ऊन येतं. मी उत्तरात माफी मागायला बसले आणि तीनदा कागद फाडला. माफीत काय लिहिणार? शेवटी नवऱ्याच्या बदलीची गडबड सुरू झाली, आणि ते उत्तर राहिलं ते राहिलंच. दीड वर्षाने भाभींच्या पत्रातून कळलं की मिसजी बंगलोरलाच वारल्या.

त्यांचं पत्र अजून माझ्याजवळ आहे. खाली सही आहे आणि सहीच्या वर शेवटची ओळ: "इथे मी सगळ्याला हो म्हणते. चहा अगदी वेळेवर मिळतो."