उचलता न येणारा टोप

कुंदा तुळसकर भांडं विकत घेताना आधी ते उचलून बघते. आपण बूड बघतो, झाकण नीट बसतंय का ते बघतो. कुंदा दोन्ही हातांनी भांडं छातीपर्यंत उचलते, जरासं मागे नेते आणि खाली ठेवते. सहज उचललं गेलं तर घेत नाही. दुकानदारांना वाटतं बाईला जड माल आवडतो. खरं कारण तिने मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं, तेही आज उकडतंय म्हणावं तितक्या साध्या आवाजात. विलासला एका हाताने फेकता येईल असं काही तिला घरात नको असतं.

विलास म्हणजे तिचा नवरा. दोघं वेंगुर्ल्याकडची. शारजात रोल्लाला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, तळमजल्यावर त्यांचं केटरिंगचं किचन आहे. मी कुमुद, साताऱ्याची, शाळेत हिंदी शिकवते आणि मोठी ऑर्डर असली की सुट्टीच्या दिवशी त्यांना हात लावायला जाते. माझ्या जिभेला हाड नाही असं बिल्डिंगमध्ये म्हणतात, ते खरंच आहे.

त्यांच्या घरात काच नाही. ताटं मेलामाइनची, कप प्लास्टिकचे. तिचा दगडी खलबत्ता माझ्या ओट्यावर असतो. लसूण कुटायचा झाला की ती एक मजला उतरून माझ्याकडे येते. त्यांच्या फ्रिजच्या दाराला पोचा आहे, तो प्रेशर कुकरचा. कुकर तिला लागला नाही, झाकण लागलं. तिच्या कोपराखाली भाजल्याचा गोल डाग आहे आणि त्यात बारीक ठिपके आहेत, कारण विलासने तापलेला झारा टेकवला तेव्हा झाऱ्याच्या भोकांपुरती कातडी वाचली. बाहेर हा माणूस नुसता लोण्याचा गोळा. लिफ्टमध्ये माझी पिशवी धरायचा, लेकीच्या मैत्रिणींना आइस्क्रीम द्यायचा. त्याचं ते हसू बघितलं की माझ्या तळहातांना खाज सुटायची.

मी पोलिसांचं नाव काढलं की कुंदा विषय बदलायची. व्हिसा त्याच्या नावावर, धंद्याचं लायसन्स त्याच्या नावावर, लेक इशिताचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. तक्रार केली आणि त्याने व्हिसा रद्द केला तर दोघींनी जायचं कुठे, हा तिचा प्रश्न होता. माझ्याकडे नुसता संताप होता.

जानेवारीत दर्शनची ऑर्डर आली. दर्शन दुबईत जन्मलेला, अल बर्शाला राहणारा, एका कंपनीचे कार्यक्रम बघणारा मुलगा. अमेरिकेत जाऊन त्याने काहीतरी खाल्लं होतं आणि तेच त्याला ऑफिसच्या पिकनिकला, अल धैदच्या एका फार्मवर हवं होतं. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातले, नांग्यावाले, झिंग्यांएवढे जीव. मोठ्या टोपात मसाल्याचं पाणी खळखळवायचं, त्यात बटाटे, मक्याची कणसं आणि शेवटी हे क्रॉफिश टाकायचे, पाणी काढून सगळा ढीग टेबलावर कागद पसरून ओतायचा आणि हातांनी खायचं. सगळं उघड्यावर, लोकांसमोर. दर्शनने व्हिडिओ पाठवला होता. उंच, हलका, चकचकीत अॅल्युमिनियमचा टोप, खाली कमरेएवढी तिपाई आणि तिच्यात भणाणणारा बर्नर.

विलास खूश. फोटोत भारी दिसेल म्हणाला. कुंदाने व्हिडिओ एकदाच बघितला आणि मला विचारलं, ह्यात पाणी किती मावत असेल. मी काहीतरी आकडा सांगणार होते, तोवर तिचा चेहरा बघितला. उकळतं पाणी, एका धक्क्याला कलंडणारा टोप, उंच तिपाई आणि ऑर्डरच्या दिवशी नेहमीच डोकं फिरलेला विलास. इशिताही वाढायला येणार होती.

दुबईतल्या देराला, भांड्यांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. विलासने व्हिडिओतल्यासारखाच टोप आणि तिपाई काढून ठेवायला लावली. कुंदा हळूच म्हणाली की तिपाईचे पाय वाळूत रुततील. ती टोपाच्या काठावर हात ठेवून आत बघत होती. त्याने झाकण तिच्या बोटांवर ठेवलं आणि वरून तळहाताने दाबलं. दाबून धरूनच तो दुकानदाराशी डिलिव्हरीचं बोलत राहिला, हबीबी हबीबी करत, हसत. मी त्याचा हात ओढला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "काय झालं ताई?" बोटं सुजून निळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी विलास मासळी बाजारात गेल्यावर कुंदा मला घेऊन परत त्या दुकानात गेली आणि सगळा माल बदलून घेतला. इतकी वर्षं तिला बघतेय, पण त्या दिवशीसारखी मी तिला कधी बघितली नव्हती. तिने जाड स्टीलचा, बुटका, ऐसपैस टोप निवडला. त्याला बुडाशी तोटी होती, म्हणजे गरम पाणी नळीने सोडून देता येईल आणि टोप कलता करायची गरज पडणार नाही. तिने कान धरून उचलायला बघितलं. टोप जागचा हलला नाही. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये तो शादी की बिरयानी वाला है, खाली भी चार आदमी लगेंगे." कुंदा म्हणाली, "बस, वैसा ही चाहिए."

शेगडी तिने बसकी घेतली, लोखंडी चौकटीची, रुंद सपाट पायांची. गॅसची नळी लांब घेतली, सिलिंडर आगीपासून आणि विलासपासून दूर ठेवता यावा म्हणून. शेवटी ढवळायचा पळा राहिला. दुकानदाराने लोखंडी काढला, तिने नको म्हटलं आणि लाकडी मागितला. लाकडी हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या मांडीवर सपकन मारून घेतला. परत मारला, जरा जोरात. मग मला म्हणाली, "हा चालेल. ह्याने हाड मोडणार नाही." मी रस्त्यावर येऊन रडले. ती नाही रडली, ती टॅक्सी शोधत होती.

पिकनिकच्या शुक्रवारी दुपारीच आम्ही फार्मवर पोहोचलो. खजुरीची झाडं, मध्ये हिरवळीचा तुकडा, बाकी वाळू. दुकानातून थेट आलेल्या पिकअपवरून टोप उतरवायला समाधान आणि तीन पोरं लागली. समाधान त्यांचा जुना आचारी, सावंतवाडीचा. विलास फोनवर बोलत होता, तो बोलता बोलता थांबला. त्याने टोप बघितला, बसकी शेगडी बघितली, मग कुंदाकडे बघितलं. फोन खिशात टाकला आणि पळा उचलला.

पहिला फटका कानावर बसला. कुंदा गुडघ्यांवर आली. दुसरा पाठीत, तिसरा त्याच जागी. माझ्या पैशाने तू मला शिकवतेस का, असं काहीबाही तो दातओठ खाऊन, पण खालच्या आवाजात बोलत होता. फार्मचा रखवालदार ऐकेल म्हणून. इशिता मध्ये पडली, "पप्पा, स्टॉप इट," म्हणत त्याचा हात धरला. त्याने तिला केसांनी धरून पिकअपच्या दारावर ढकललं. तिचं कपाळ पत्र्यावर दणकन आपटलं. मी त्याच्या हाताला चावले. खरंच चावले, पन्नाशीची बाई मी. समाधानने त्याला मागून कव घातली तेव्हा कुठे पळा खाली पडला. तेवढ्यात फाटकातून गाड्या आत यायला लागल्या. विलासने केस नीट केले, शर्ट खोचला आणि हसत दर्शनला सामोरा गेला.

कुंदा उठली. कानातून रक्त येत होतं. तिने पदर डोक्यावरून घेतला, टोपाखाली शेगडी सारखी केली आणि पाणी भरायला लावलं.

आता मला एक सांगितलं पाहिजे. ही माणसं बाहेरची कुठलीही ऑर्डर गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करत नाहीत. कोकणात देवाला हाक मारून आपलं म्हणणं चारचौघांत मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, म्हणजे देवापुढे साक्ष द्यायची, अशी रीत आहे. विलास दारू पिऊन आला तरी नारळाला हात लावायच्या आधी चूळ भरायचा. गावचा देव रवळनाथ गाऱ्हाणं ऐकतो, यावर त्याचा पुरता विश्वास. गाऱ्हाणं नेहमी तोच घालायचा. बायका मागे उभ्या राहायच्या.

त्या दिवशी तो नारळ घेऊन शेगडीपाशी उभा राहिला तर पाहुणे फोन काढून गोल जमले. तीस-एक माणसं, गोरे, फिलिपिनो, अरब, आपले. दर्शनने त्यांना इंग्रजीत समजावलं की हा आशीर्वाद आहे आणि शेवटी सगळ्यांनी काय म्हणायचं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे.

"अंकल, आज आंटीला बोलू दे ना," तो म्हणाला. "आमची बॉस लेडी आहे, तिला फार आवडेल. व्हिडिओ पण मस्त येईल."

बॉसबाई हसून बघत होत्या. गिऱ्हाइकासमोर नाही कसं म्हणणार? विलासने नारळ कुंदाच्या हातात दिला. निळ्या बोटांनी तिने तो धरला. ती काही ठरवून आली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. मग तिने आवाज लावला, आणि तिचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा. आज ह्या परमुलखात तुझी लेकरां चूल पेटवतत. जा काय शिजात ता खाणाऱ्यांक गोड लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," समाधान आणि पोरं म्हणाली. पाहुण्यांनीही जमेल तसं म्हटलं. विलासने मान लववून म्हटलं.

"काय उणा-अधिक असात ता सांभाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आता पाहुण्यांना जमायला लागलं होतं.

कुंदाने डोक्यावरचा पदर मागे सारला. रक्त मानेपर्यंत ओघळून वाळलं होतं.

"आनी ज्या हातान ह्या बायलेक आजपर्यंत मारलां, आज माझ्या चेडवाक मारलां, तो हात परत आमच्यार उठलो, तर थंयच लुळो पडांदे रे म्हाराजा."

बायकोला आणि लेकीला मारणारा हात पुन्हा उठला तर तिथेच लुळा पडू दे, हे मागणं ऐकून समाधानचं तोंड उघडंच राहिलं. पण पाहुणे थांबले नाहीत. त्यांना कुठे काय कळलं होतं? तीस तोंडांनी, तीस तऱ्हांनी, हसऱ्या चेहऱ्यांनी एकदम आवाज उठला, "व्हय म्हाराजा." इशिता ओरडून म्हणाली. मी म्हटलं, माझा तर घसाच फाटला. आणि मी विलासकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. मान खाली, हात जोडलेले, लहानपणापासूनच्या सवयीने त्याचे ओठ हलले. तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा." म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं ते.

टाळ्या पडल्या. कुंदाने नारळ फोडला, गॅस पेटवला आणि मसाल्याच्या पुड्या फोडायला घेतल्या.

पाणी खळखळलं, क्रॉफिश पडले, लाल झाले. पाहुणे पलीकडे टेबलांवर कागद पसरत होते तेव्हा विलास आला. चेहरा काळाठिक्कर. कुंदा टोपाच्या अलीकडे, इशिता पलीकडे तोटीला नळी लावत होती. त्याने हात वर केला, पुरता खांद्याच्या वर. तो हात तिथेच अडकून राहिला. त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला किळस आली. हात खाली घेऊन त्याने सगळ्या अंगाचा जोर लावून टोपाला लाथ घातली, इशिताच्या दिशेने.

टोप हलला नाही. पाण्याने काठ गाठला, थोडं बाहेर उसळून ज्वाळेवर चरचरलं, एवढंच. तो हलका टोप त्या तिपाईवर असता तर माझ्यासमोर ती पोर उकळून निघाली असती. विलास पाय धरून वाळूत लोळला. मग उठून त्याने मागचं सगळं फोडलं. बर्फाची पेटी आपटून आपटून तिचे तुकडे केले, मक्याचं पोतं उधळलं, मसाल्याचे डबे पिकअपवर फेकले, समाधानच्या तोंडात मारली, रिकामी खुर्ची खजुरीच्या बुंध्यावर मोडेपर्यंत मारली. कुंदा आणि इशिता मध्ये उभ्या होत्या आणि तो त्यांच्याभोवती फिरत फोडत होता, पण त्यांच्या अंगाला त्याने बोट लावलं नाही. रखवालदाराने आणि दर्शनने त्याला पकडून एका खोलीत बसवलं.

पाहुण्यांना वाढून झाल्यावर, उन्हं उतरता उतरता, मी दोघींना माझ्या गाडीत घातलं. मला आत खरं तर आनंद होत होता. मी म्हटलं, बघितलंस ना, आता तो तुला हात लावायचा नाही, आता तू निर्धास्त राहा. बोलता बोलता बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला केला आणि तिचा कान पुसायला पुढे झाले.

कुंदाने माझं मनगट धरलं.

"तो देवाला घाबरला, कुमुदताई. मला नाही," ती म्हणाली. "रक्त राहू दे तसंच. गाडी आधी पोलीस स्टेशनला घ्या."