जीवनच्या चार पुऱ्या

"उठा रे! ही पंगत तुमची नाही."

श्रीखंडाचा डाव माझ्या पानावर येऊन थांबला. रायपूरच्या पुरानी बस्तीत आपल्या मराठी लोकांच्या गणपतीचं जेवण. मी आणि जीवन, दोघंही आठवीतले, पहिल्या पंगतीत घुसलेलो. त्या पंगतीतल्या पोरांचे बाप रेल्वेच्या हापिसात, आमचे बाप रेल्वेचे डबे धुवायला. जात कोणी विचारत नसे. पारा, म्हणजे मोहल्ला, विचारत, तेवढ्यात भागत असे. आमच्या पाऱ्याची पंगत शेवटची, उरल्यासुरल्याची.

मी जन्माचा थापाड्या. पंगतीवर देखरेख करणाऱ्या काकांना म्हटलं, "काका, मले राहू द्या. याले उठवा. मागच्या लग्नात यानं पुऱ्या तं पुऱ्या, पत्रावळही खाऊन टाकली!"

अख्खी पंगत हसली. गणपतीचीही सोंड हलली असंल.

काका डोळे पुसत म्हणाले, "हा पोट्टा गमतीचा आहे. बसू द्या याले. त्याले उठवा."

जीवनला दंडाला धरून उठवलं. तो माझ्याकडे बघत होता. मी श्रीखंड चाटत होतो. दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव पत्रावळ्या. सरसुद्धा हजेरी घेताना तेच म्हणायचे. अन् मला दरवर्षी पहिल्या पंगतीत जागा. अट एकच, किस्सा सांगायचा. एका पत्रावळीच्या दहा झाल्या, मग द्रोण, मग मांडवाचा बांबू. मी त्याची भूक वाढवत गेलो, तो वाळत गेला. नववीत त्यानं शाळा सोडली.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं. मी एका सरकारी दफ्तरात बाबू झालो. जीवन शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात, लोखंडाच्या भट्टीवर.

एकदा गणपतीच्या आधी तो तिथल्या चहाच्या टपरीवर दिसला. उजव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली. ठेकेदारानं हाकललेलं. सकाळचे दहा, अन् तोंडाला दारूचा वास.

"काय गा, कितीवर पोचलो मी?"

मी हसण्यावारी नेलं. "चाळीस पत्रावळी."

"हव? मंग पोट भरलं असंल माझं."

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले अन् निघालो.

आठ दिवसांनी तेच जेवण. आता पंगत नाही, टेबलं. एसी हॉल. काकांचा पोरगा, आमच्याच वर्गातला, आता मोठा साहेब. त्यानं माझ्या हातात माइक कोंबला. "चल, होऊन जाऊ दे पत्रावळ्या!"

मी म्हटलं, "त्याचं नाव जीवन. त्यानं पत्रावळ खाल्ली नव्हती. त्या लग्नात चार पुऱ्या पत्रावळीत गुंडाळून बहिणीसाठी शर्टात लपवल्या होत्या. मले माहीत होतं. मी खोटं बोललो, काहून का मले तुमच्यात बसाचं होतं. अन् तुम्ही मले बसवलं, काहून का तुम्हाले हसाचं होतं."

दोघं-तिघं हसले. गंमत पुढे येईल म्हणून थांबले. आली नाही.

"अबे, मूड काहून खराब करून राहिला?" साहेबानं माइक ओढला. "जा, जेवून घे."

माझं भरलं ताट मी साहेबासमोर ठेवलं अन् निघालो.

जीवनची बोटं यानं सुटली नाहीत. दारूही सुटली नाही. त्यानं मला माफ केलं नाही. करूही नये.

थापा मी आजही मारतो. माझ्या सायकलीनं वाघाला मागं टाकलंय, विचारा कोणालाही. पण त्यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून आपला माणूस पुन्हा त्यांच्या पानात वाढणार नाही. माइक दिसला की ही गोष्ट सांगणार, त्यांच्या तोंडातला घास अडकेपर्यंत. अन् पुऱ्या चारच. पाचवी घालणार नाही.