आबांच्या उष्ट्या लेखण्या

लेखणीचे कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकाला माझे सासरे लेखणी विकत नसत. जव्हारच्या बाजारात कोणी त्यांचा बोरू उचलून ‘काय सुरेख आहे’ म्हणाला, की आबा तो त्याच्या हातातून काढून घेत. “लिहिलंत कुठं अजून?” एवढेच विचारत. जो कपाळाला आठ्या घालून टोक नखावर टेकवून बघे, त्याच्यापुढे मात्र दौत सरकवत.

मी शाळामास्तर म्हणून त्यांनी मला मुलगी दिली, पण विश्वास दिला नाही. पहिल्या दिवाळसणाला मला एक ओळ लिहायला लावली आणि अक्षर सोडून माझ्या बोटांकडे बघत राहिले. “दाबता फार, मास्तर,” म्हणाले. माझी बायको गोदा दाराआड हसली. ते लेखणीबद्दलच बोलत होते, असे मी अजूनही धरून चालतो.

ओढ्याकाठचे बोरू आणून ते वाळवत, तासत, टोकाला चीर देत आणि मग प्रत्येक लेखणी शाईत बुडवून तिने स्वतः ‘श्री’ काढत. न चालवता दिली ती लेखणी नव्हे, काडी, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे त्यांच्या लेखण्यांची टोके काळी असत, आणि तिथेच गिऱ्हाइकाला शंका येई. खोडाळ्याच्या एका वाण्याने तोंडावरच विचारले, “आबा, कुणाच्या उष्ट्या गोळा करून आणता हो?” मुंबईहून डबीतून येणारा चकचकीत पोलादी टोकाचा टाक कोणीही लिहून पाहिलेला नसे, म्हणून तो भारी माल.

“टोक जरा कापून द्या की, आबा. काळं दिसणार नाही,” गोदा म्हणे.

“कापलं की ती दुसरी लेखणी झाली. तिची पारख कुणी केली?”

त्यांचे एकच मोठे गिऱ्हाईक उरले होते, एका लाकूडव्यापाऱ्याची पेढी. दिवाळीच्या वहीपूजनाला तिथे लेखण्यांची जुडी जाई. एके वर्षी तिथल्या दिवाणजींनी बजावले, की पूजेला उष्टी वस्तू चालत नाही. या खेपेला कोऱ्या आल्या नाहीत तर टाक मागवू. नेमके तेव्हाच आबा हिवतापाने पडले. टोपलीत तासून ठेवलेल्या लेखण्या होत्या, त्या गोदाने तशाच बांधून पाठवल्या. “आबा सुधारले,” असा दिवाणजींचा निरोप आला.

ताप उतरल्यावर आबांनी रिकामी टोपली पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पेढीवर गेले.

“त्यातली एकही मी चालवलेली नाही. परत द्या, पारखून आणतो.”

दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिले. “पूजेतल्या लेखण्या परत? कुणी जास्त देऊ केलं वाटतं?”

“कुणी नाही. एखादी फुटकी निघाली तर नाव माझं जाईल.”

“फुटक्या लेखणीसाठी कुणी तापातून उठून येतं का, आबा?” असे म्हणून त्यांनी जुडी कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली.

पेढीवर त्यानंतर टाकानेच लिहीत, आणि आल्यागेल्याला ती जुडी दाखवत. करणारा स्वतः परत मागायला आला होता, म्हणजे काही तरी असणारच, असे लोक ठरवू लागले. मोखाड्याहूनसुद्धा माणसे आली. सर्वांना पेढीवरच्यासारख्या, शाई न लागलेल्या हव्या होत्या. आबा दौत पुढे करत. माणसे हात मागे घेत. एकही लेखणी गेली नाही. पुढे त्यांनी बोरू आणणेच सोडले.

शेवटच्या आजारात त्यांनी विचारले, “मास्तर, त्या लेखण्यांना काय म्हणतात हो लोक?”

“फार चांगल्या म्हणतात.”

“लिहिलं कुणी?”

“नाही.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. “मग ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलताहेत.”

ते गेल्यावर घरी माणसे भेटायला येत होती. “फार चांगला माणूस,” असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला. गोदा मान हलवत होती. मी मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. हा त्यांच्याजवळ कधी घटकाभर बसला होता का, ते मला आठवून पाहायचे होते.