भिंतीवरचा मुकादम आमचा नाही

भाऊकाकांनी जुन्या फोटोतल्या लंगोटीतल्या माणसावर बोट ठेवलं, आणि त्या क्षणापासून मला घरात श्वास घेता येईना.

"मेल्या, हा आपला. भिंतीवरचा तो मुकादम आपला कोण नाय."

भाऊकाका म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ.
आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

फोटो एकोणिसाव्या शतकातला, कुणा साहेबाने काढलेला. चिरेखाणीत जांभा दगड तोडणारे आठ कामगार, मध्ये फेटेवाला मुकादम.
त्यातले खापरपणजोबा भिंतीवर लावायला enlarge करून आणायला तरुणपणी भाऊकाकांना रत्नागिरीला स्टुडिओत पाठवलं होतं.

"फोटोवाल्याने विचारलंन, यातले तुमचे कोणते? मला लाज वाटली रे. मी फेटेवाला दाखवला."

"आणि पणजोबा काही बोलले नाहीत?"

"बाबांना तेव्हा दिसत नव्हतं. त्यांनी काचेवरून हात फिरवला नि नमस्कार केला."

तेव्हापासून आम्ही मुकादमांचं घराणं.
दर सर्वपित्रीला परक्या माणसाला हार.

आणि ह्याच घराण्यापायी सायलीशी माझ्या लग्नाला नकार. तिचे वडील संगमेश्वरकडे चिरेखाणीवर मशीन चालवतात.
बाबा म्हणाले, "खाणीवरच्यांची मुलगी मुकादमांच्या घरात येणार नाही."

भाऊकाका मला म्हणाले, "रविवारी मी सांगतो तुझ्या बापाला सगळं. तिला म्हणावं, थांब जरा."

शुक्रवारी ते गेले.

मग वर्षभर मी गप्प. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याचं कोण ऐकणार?
लोट्याच्या कारखान्यातली शिफ्ट, कंपनीची बस, घर. घरात शिरलं की समोर तो फेटा.
रोज.

परवा सायलीला एक स्थळ पसंत करून गेलं.
"अजून किती थांबू रे?" एवढंच म्हणाली.

आज भाऊकाकांच्या वर्षश्राद्धाची पानं वाढली होती. मी मूळ फोटो आणला आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. सगळं बोललो. आवाज चढला माझा, चढणारच होता.

बाबांनी फोटो पालथा घातला.
"ठाऊक आहे मला. हळू बोल, पाहुणे जेवतायत."

ठाऊक आहे!

"मग सायलीचं काय?"

बाबांनी आईकडे भात मागितला.

भाऊकाका, तुम्ही जन्मभर ज्याला घाबरलात, ते ह्यांना माहीत होतं हो.
तुमचं सांगायचं राहिलेलं मी सांगितलं. आता तुम्ही मोकळे. तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.

मी पानावरून उठलो.
आई म्हणाली, "अरे, हात तरी धू."

बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि संगमेश्वरच्या रस्त्याला लागलो.