ओला चुना

माझी थोरली बहीण मबरूका ट्युनिशियाच्या दक्षिणेतल्या केबिलीत लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढून पोट भरते, आणि उरलेला सगळा जीव मिठाच्या सरोवराकाठच्या फोटोंवर ओवाळून टाकते. मी व्हॅन चालवतो. त्यामुळे तिचा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काळं कापड वाहून न्यायचं भाग्य माझंच. त्या कॅमेऱ्यात एका वेळी एकच फिल्म बसते, मागच्या काचेवर जग उलटं दिसतं, आणि एका फोटोपायी ही बाई तीन-तीन महिने उन्हाची वाट बघते.

गावाला हे वेड कधी कळलंच नाही. "माणूस कुठंय यात?" प्रत्येक फोटोपुढे हाच प्रश्न. गमरा मावशी तर तोंडावर म्हणायची, "एवढं ओझं वाहून नेलंस, निदान एक उंट तरी उभा करायचास!"

राजधानी ट्युनिसच्या प्रदर्शनात दरवर्षी दक्षिणेतला एकच फोटो लागतो. मबरूकाने सहा वर्षं पाठवले, सहाही परत आले. सातव्या वर्षी तिने सीदी हमद या अवलियाच्या कबरीवरचा घुमट धरला. जुन्या चुन्याचे पापुद्रे सुटलेले, आतली माती डोकावतेय. खजूर उतरवायच्या दिवसांत सकाळचं ऊन त्यावर तिरकं पडतं, जेमतेम सात-आठ मिनिटं. तेवढ्यात प्रत्येक पापुद्रा उठून दिसतो. फिल्म एकच उरली होती, आणि फोटो पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

जीभ माझीच सैल. आदल्या दिवशी मावशीला सांगून बसलो, "आपला घुमट ट्युनिसला चाललाय!"

सकाळी पोचलो तर पाच बायका कोपरापर्यंत चुन्यात. पहाटेच्या नमाजानंतर लागल्या होत्या कामाला, आणि आता शेवटची बाजू उरकत होत्या. फोटो निघणार म्हटल्यावर सणासारखा चुना नको का लावायला!

"बघ ग पोरी, नवरीसारखा सजवलाय!" मावशी म्हणाली.

मबरूकाचा चेहरा उतरला. "मावशी, अहो वर्षभर मी त्या पापुद्र्यांसाठी..." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी व्हॅनमागे सटकलो.

"फाटक्या कपड्यात पाठवणार होतीस होय सीदींना?" मावशीही भडकली.

बहीण काळ्या कापडात शिरली. बराच वेळ बाहेर येईना. रडत असणार, असं मला वाटलं.

मग आतून आवाज आला, "हेदी, इकडे ये. वारा अडव!"

मी धावलो. तिने मला काचेत बघू दिलं. ताजा चुना लगेच पांढरा होत नाही, ओला असतो तोवर आरपार दिसतो. आधी लावलेली बाजू वाळून झगमगत होती. दुसऱ्या बाजूला ओल्या चुन्याखालून जुने पापुद्रे अजून दिसत होते, आणि त्यांच्यावर खजुरीच्या कुंच्याचे फटकारे, वेडेवाकडे, हातभर लांब. वाळायची कड हळूहळू सरकत होती.

"थांब," ती पुटपुटली. "अजून थोडं... अजून..." मी कापड दोन्ही हातांनी गच्च धरून उभा. बायका कुंचे घेऊन बाजूला झाल्या. मग खटका वाजला. फिल्म संपली.

फोटो निवडला गेला. मी मबरूकाला आणि त्या पाचजणींना व्हॅनमधून ट्युनिसला नेलं, वाटभर माझे कान किटले. भिंतीवर घुमट होता आणि खाली माझ्या बहिणीचं नाव. शेजारी उभे असलेले एक सुटाबुटातले गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, "सुंदर आहे, पण यात माणूस नाही."

गमरा मावशीने त्यांना बाजूला सारलं आणि फोटोच्या काचेवर बोट टेकवलं.

"माणूस नाही? हा फटकारा माझा. तो वाकडा गेलाय ना, तो सालिहाचा, तिचा खांदा दुखतो. आणि हे सगळं कुणी बघितलं, तर त्या पोरीने." तिने मबरूकाला हाताला धरून पुढे ओढलं. "आहोत की सगळ्या!"