महिनाभर खरवडलेलं फर्निचर

तुम्ही चहा घ्या, मी सांगते. पण आधीच सांगून ठेवते, हा किस्सा मी चार ठिकाणी सांगितलाय आणि चारही ठिकाणी लोक अर्ध्यापर्यंत हसले. अर्ध्यानंतर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी मूळची अमळनेरची. लग्न होऊन सुरतेला आले त्याला अकरा वर्षं झाली. नवरा प्रमोद इच्छापोरला एका कारखान्यात सुपरवायझर. पहिली नऊ वर्षं आम्ही उधन्याला भाड्याच्या खोलीत काढली आणि मग पर्वत पाटियाला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, खाली वॉचमन. सोसायटीत बहुतेक साडीच्या व्यापाऱ्यांची घरं. त्यांच्या बायकांत बसायचं म्हणजे मला रोज तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. गुजराती मला येतं, पण त्यांच्या सोफ्यावर बसलं की तेही विसरायला व्हायचं.

सातव्या मजल्यावरच्या हेतलबेनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा हॉलमध्ये एक पांढरं कपाट दिसलं. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, दाराच्या कडेला आतलं लाकूड उघडं पडलेलं. मी आपुलकीनं म्हटलं, टेम्पोत घासलं गेलं वाटतं, परत पाठवा. मग हेतलबेननं मला समजावलं की ही स्टाईल आहे, मुद्दाम असं करतात, आणि नाव सांगितलं. शॅबी शिक. मला ऐकू आलं 'शाबी शेख'. दोन दिवस मी समजत होते की हे कपाट बनवणाऱ्या कारागिराचं नाव.

मग मोबाईलवर खरं काय ते कळलं, आणि मला वेड लागलं. फिकट पांढरं फर्निचर, उडालेला रंग, गंजकी किटली, तिच्यात फुलं, सगळीकडे लेस. असं तयार फर्निचर विकत घेणं आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. पण मी म्हटलं, जुनं दिसायलाच हवंय ना, मग आपण खरंच जुनं आणू. भंगारवाल्याकडून एक कपाट, चार खुर्च्या आणि टेबल आणलं. चलथाणला एक जुनं घर पाडत होते, तिथून एक अख्खी खिडकी आणली आणि हॉलच्या भिंतीवर टांगली. हो, भिंतीवरच. बाहेर काही दिसत नाही तिच्यातून. लेस मात्र मार्केटमधली, कटपीसच्या भावातली. ती तर आपल्या सुरतेत पोत्यानं मिळते.

महिनाभर मी दुपारच्या दुपार घासत होते. आधी लाकडाच्या कडांना मेणबत्ती चोळायची, त्यावर पांढरा रंग द्यायचा, तो वाळला की पॉलिशपेपरनं कडा खरवडायच्या, म्हणजे जागोजागी रंग उडाल्यासारखा दिसतो. प्रमोद म्हणाला, मोडकं आणलंस, नीट केलंस, आता परत मोडतेस, यात मधली पायरी कशाला? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आप्पा रंगारी. अमळनेरात कितीतरी घरांची दारं-खिडक्या त्यांच्या हातची आहेत. लाकडातल्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायचं, प्रायमर द्यायचा, परत घासायचं, मग रंगाचे दोन हात. ब्रशचा एक फराटा जरी उठून दिसला तरी त्यांना जेवण जात नसे. त्यांच्या त्या रंगावर आम्ही भावंडं शिकलो. आणि सोसायटीत मी काय सांगितलं होतं? "वडिलांचा पेंटचा बिझनेस आहे." बायकांनी दुकान असेल असं समजून घेतलं. मी समजू दिलं.

तर माझ्या खुर्च्यांचे फोटो हेतलबेनला आवडले. तिची मैत्रीण जागृतीबेन साड्यांचं बुटीक काढणार होती आणि तिला ते असंच सजवून हवं होतं. हेतलबेन म्हणाली, गुरुवारी चार वाजता तिला घेऊन येते, घर बघू दे, पसंत पडलं तर काम तुझं. तुम्हाला हे साधं वाटेल. मला नाही वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं की हे काम तू करशील का.

त्याच आठवड्यात उधन्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न. बुधवारी हळद, गुरुवारी सकाळी लग्न. त्यासाठी आप्पा मंगळवारच्या गाडीनं आले. माझं नवीन घर ते पहिल्यांदाच बघत होते. दारातून आत आले, पाणी प्यायले आणि कपाटासमोर उभे राहिले. एक बोट कडेवरून फिरवलं. मग टेबलावरून. मग खुर्च्या बघितल्या, भिंतीवरची खिडकी बघितली, गंजकी किटली बघितली.

जेवताना एकच पोळी खाल्ली. पोट भरलं म्हणाले. तीन पोळ्यांचा माणूस. मग हळूच मला विचारलं, "सगळं बरं शे ना, बेटा? काही अडचन व्हई ते बापले सांग." आमच्या घरी अहिराणीच बोलतात. मी म्हटलं, सगळं छान आहे आप्पा. त्यांनी मान हलवली, जशी आपण खोटं बोलणाऱ्या आजाऱ्यासमोर हलवतो.

बुधवारी सकाळी भावाचा फोन. प्रमोद हल्ली पितो का? मी खूप हसले. हसण्याऐवजी आप्पांना समोर बसवून सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कसं सांगणार? या माणसाचे गुडघे लाकूड गुळगुळीत करण्यात गेले. त्याला मी काय सांगू, की तुमची मुलगी महिनाभर बसून रंग उडवतेय? मी एवढंच म्हटलं, आप्पा, ते तसंच असू दे, हात लावू नका. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मला आता कळतंय, त्यांना तिथे लाज दिसली. लाज होतीच. फक्त त्यांना वाटली ती नव्हती.

हळदीला जायच्या वेळी ते म्हणाले, गुडघा दुखतोय, तुम्ही पुढे व्हा, मी उद्या लग्नाला येतो. आम्ही मुक्कामाला गेलो. गुरुवारी लग्न लागलं, पंगती बसल्या, आप्पांचा पत्ता नाही. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न, ज्याच्यासाठी एवढा प्रवास करून आले. फोन केला तर म्हणाले, मी मजेत आहे, तुम्ही सावकाश या. मी मनात म्हटलं, बरं झालं, घर राखतायत.

प्रमोदला तिथेच ठेवून मी पावणेचारला सोसायटीत पोचले. लिफ्टपाशी हेतलबेन, जागृतीबेन आणि हेतलबेनच्या सासू उभ्या होत्या. त्यांना सगळे 'बा' म्हणतात. चौघी एकदमच वर गेलो. मी लिफ्टमध्ये बोलत होते की आपल्याला जुन्या वस्तूंचा मान ठेवता यायला हवा. असंच काहीतरी, मोबाईलवर ऐकलेलं.

दार उघडलं आणि टर्पेंटाइनचा भपकारा आला.

कपाट बदामी. खुर्च्या बदामी. टेबल बदामी. एकही ओरखडा नाही, एकही टवका नाही, प्रत्येक फट लांबीनं भरलेली, आणि वरून असा चकचकीत ऑइल पेंट की खिडकीतलं ऊन त्यावरून घसरत होतं. भिंतीवरच्या खिडकीला नवीन कडी बसवलेली, वर तेल दिलेलं. उघडझाप करून बघितली असणार त्यांनी, भिंतीसमोर. किटली घासून लखलखीत, गॅसवर ठेवायच्या तयारीत. लेस धुऊन, वाळवून, घडी करून एका कोपऱ्यात. आणि स्टुलावर आप्पा. बनियान, लुंगी, भुवईवर बदामी रंगाचा ठिपका, हातात ब्रश. माझ्याकडे बघून हसत होते. लहानपणी माझी पाटी रंगवून दिली होती, तेव्हा असे हसले होते.

हेतलबेननं नाकाला रुमाल लावला. "वैशालीबेन, आ शुं छे?"

आता मला सांगा, त्या वेळी तोंडातून काय यायला हवं होतं? दोन शब्द. माझे वडील.

मी म्हणाले, "पेंटर है. इन लोगों को एक बोलो तो दूसरा करते हैं."

आप्पांचं हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी थांबलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग स्टुलावरून उतरले, आधी चांगला पाय, मग दुखरा, आणि हेतलबेनला हात जोडून म्हणाले, "हां बेन, पेंटर हूं. गलती हो गई."

रंगाचा डबा उचलला, ब्रश उचलला, चपला घातल्या आणि जिन्यानं खाली गेले. लिफ्ट होती. जिन्यानं गेले.

पुढचं हसण्यासारखं आहे, हसून घ्या. एवढ्यात जागृतीबेन खुर्चीवर बसली होती. आम्ही ओरडेपर्यंत उशीर झाला. ती उठली तर खुर्चीही तिच्याबरोबर दोन बोटं उठली. जरीकाठाची साडी, मागच्या बाजूला खुर्चीच्या पट्ट्या छापल्यासारख्या. तिला सातव्या मजल्यावर नेताना हेतलबेन मला म्हणाली, याची मजुरी काप, त्याशिवाय ही माणसं सुधारत नाहीत. आणि मी मान हलवली. म्हटलं, हो, कापणार.

बा मात्र मागे राहिल्या होत्या. कपाटाच्या दारावरून तळहात फिरवत होत्या. म्हणाल्या, असा हात आता बघायला मिळत नाही. माणूस कुठला आहे? मी म्हटलं, माहीत नाही, बाहेरगावचा आहे कुणीतरी. हे माझं त्या दिवसाचं तिसरं खोटं, की चौथं, मी मोजणं सोडलं होतं.

घर रिकामं झाल्यावर थोड्या वेळानं मी खाली धावले. आप्पा पार्किंगमध्ये वॉचमनच्या स्टुलावर बसून ब्रश धूत होते. वॉचमननं त्यांना स्वतःचा शर्ट दिला होता. बा त्यांच्याशी बोलून नुकत्याच वर गेल्या होत्या. मी समोर उभी राहिले, मला रडूही येईना. तेच म्हणाले, "तू बरोबर बोलनी, माय. मी असा बनियानवर. पाव्हनास्ना समोर बाप म्हनीसन कसं सांगशी?"

मग आवाज खाली करून विचारलं, "पन खरं सांग. जवाईबुवानी नोकरी गई का?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. तिथेच, दोन स्कूटरींच्या मध्ये उभी राहून. की नोकरी आहे, पगार आहे, हे सगळं मी मुद्दाम केलं होतं, ती फॅशन आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मुद्दाम?"

"हो."

"कितला नंबरना पेपर?"

"ऐंशी."

त्यांनी ब्रश झटकला. "ऐंशी लाकूडले लावस का कोनी? ओरखडा पडतस. एकशेवीस लेवाना व्हता."

एवढंच. ना राग, ना टोमणा. एक शिवी दिली असती तर मी आज इतक्या ठिकाणी हा किस्सा सांगत फिरले नसते. संध्याकाळी प्रमोद त्यांना गाडीत बसवून आला. निघताना आप्पा त्याला म्हणाले होते, पोरीला रागवू नका, तिचं काम माझ्यामुळे गेलं.

बुटीकचं काम अर्थातच गेलं. पण तुम्हाला वाटेल संपलं, तर तसं नाही. खाली पार्किंगमध्ये बांनी आप्पांना त्यांची खोली रंगवायला बोलावलं होतं आणि आप्पांनी हो म्हटलं होतं. दिवाळीच्या आधी ते आले. मी म्हटलं, आप्पा, आता मी सगळ्यांना सांगून टाकते. ते म्हणाले, आता नको, आता सांगितलंस तर तू खोटी पडशील. माझ्या खोटेपणाची काळजी त्यांना. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

बांची खोली झाली, मग हेतलबेनचा हॉल, मग पाचव्या मजल्यावरचं एक घर. हेतलबेनचं ते टवके उडालेलं कपाटही आप्पांनी गुळगुळीत करून दिलं. तिनंच सांगितलं करायला, म्हणाली, आता ती फॅशन गेली. आप्पा सकाळी माझ्या घरी चहा पितात, माझ्या दारातून बाहेर पडतात आणि जिना चढून कामाला जातात. सोसायटीत त्यांना 'वैशालीबेनना पेंटर' म्हणतात.

मागच्या आठवड्यात मी लिफ्टमध्ये होते, हेतलबेन बरोबर होती. पाचव्या मजल्यावर दार उघडलं आणि बाहेर आप्पा, दोन्ही हातांत डबे. मला बघून ते बाजूला झाले. म्हणाले, "आप जाओ बेन, मैं बाद में आता हूं."

दार बंद झालं. हेतलबेन म्हणाली, "तमारो पेंटर बहु सारो माणस छे."

मी म्हटलं, "हो ना. अगदी घरच्यासारखाच आहे."