भाऊबीजेची आगगाडी

माझी पहिली आगगाडी गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची होती. मामानं ती स्वतः कापून, ठोकून केली होती आणि चाकांच्या जागी औषधाच्या बाटल्यांची झाकणं लावली होती. दुसऱ्या दिवाळीला चावीची आली, तिसऱ्या दिवाळीला सेलवर चालणारी. मामा रेल्वेत गँगमन होता, म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांच्या कडेनं चालणारा माणूस. भाऊबीजेला तो आमच्याकडे यायचा आणि भाचीसाठी दरवेळी आगगाडीच आणायचा. भावकीतल्या बाया त्याला चिडवायच्या, अरे पोरीच्या जातीला बाहुली आणावी, बांगड्या आणाव्यात, हे काय भलतंच? मामा म्हणायचा, “दुकानात गेलं की मला दुसरं काही दिसतच न्हाई, काय करू?”

माझ्या मायला आई-वडील उरले नव्हते. तिचं सगळं माहेर म्हणजे हा एक धाकटा भाऊ, आणि तोही वर्षातून एक दिवस. ऐन सणात त्याला सुट्टी मिळायची मारामार, पण भाऊबीज त्यानं कधी चुकवली नव्हती. आठ दिवस आधीपासून माय काम करता करता रस्त्याकडे बघत राहायची. मला गाडीची ओढ, तिला गाडी आणणाऱ्याची.

आमचं घर मेंढरांचं. थोडी जमीन होती, पण खाणं-पिणं चालायचं ते बाबांच्या चाळीसेक मेंढरांवर. हिंगोलीहून वसमतकडे जाणारी लाइन आमच्या शिवारातूनच जाते. ती छोटी, मीटरगेजची लाइन होती तोवर बाबांचा एक हिशेब ठरलेला होता. गाडी ओढ्याच्या पुलावर शिट्टी द्यायची, आणि तिथून आमच्या शेतापर्यंत यायला तिला इतका वेळ लागायचा की बाबांची एक बिडी ओढून व्हायची. मग ते उठायचे आणि मेंढरं रुळावरून हुसकायचे. पुढं लाइन मोठी करायला घेतली आणि गाड्या बंद झाल्या. त्या काळात रुळाच्या भरावावर असं गवत माजलं की बाकीच्या शिवारात तसं शोधून सापडलं नसतं. मेंढरांना त्याची चटक लागली, बाबांनाही लागली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्या त्याच पुलावर शिट्टी द्यायच्या. दिवाळीच्या दहा दिवस आधी एका दुपारी शिट्टी झाली आणि बाबांनी सवयीनं बिडी तोंडात धरली. काडी ओढेपर्यंत गाडी आली होती.

मी भाकर घेऊन गेले होते, म्हणून मी ते पाहिलं. अकरा मेंढरं गेली. कशी गेली ते मी लिहिणार नाही, मला ते अजून जमत नाही. गाडी पुढं जाऊन थांबली तसं बाबांनी माझा दंड धरला आणि मला शेजारच्या तुरीत ओढून खाली दाबलं. रुळावर ज्याची जनावरं सापडतील त्याच्यावर केस होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझा बाप भित्रा नव्हता. लांडग्यामागं नुसती काठी घेऊन धावलेला माणूस तो. पण कागदाला भ्यायचा. त्या दिवशी तुरीत ते मातीत तोंड खुपसून पडले होते आणि मला त्यांची कीव आली. बापाची कीव येणं दहा वर्षांच्या पोरीला सोसत नाही.

उरलेली मेंढरं आडवाटेनं घरी आणली. बाबांनी मला समोर बसवलं. “कुणाला काही बोलायचं न्हाई. कमी झालेली मेंढरं बाळापूरच्या बाजारात इकली म्हणायचं. घे मायची शपथ.”

मी घेतली.

मायला वेगळीच धास्ती. त्या भागातली लाइन मामाच्याच गँगकडं होती. ती बाबांना म्हणाली, “त्याला कळू देऊ नका. नोकरी रेल्वेची, नातं आपलं, मधल्यामधी चेंगरंल तो. त्यानं यावं, जेवावं, ओवाळून घ्यावं आन् जावं. मला तेवढंच पायजे.”

मामा आला तो दुपारी, हातात आजवरचा सगळ्यात मोठा खोका घेऊन. आत इंजिन होतं, तीन निळे डबे होते आणि जोडले की गोल होणारे काळे रूळ होते. त्यानं ओसरीवर बसून स्वतः रूळ जोडून दिले. बाबा त्याच्या शेजारी बसले आणि कुणी काही विचारलेलं नसताना मेंढरांचा विषय काढला. यंदा बाजार कसा तेज होता, भाव बराबर आला म्हणून दहा-अकरा कशी काढून टाकली, घेणारा कसा खमक्या होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मामा करंजी खात नुसता मान हलवत होता. “चांगलं केलं, दाजी,” एवढंच म्हणाला. माय आत ताट सजवत होती. पाट मांडून झाला होता, निरांजन लावलं होतं.

मी खेळत होते. रुळावर चिंचोके मांडायचे, गाडी सोडायची, ते उडाले की पुन्हा मांडायचे. पोरं खेळताना स्वतःशी बोलतात तशी मीही बोलत होते. “शिट्टी झाली. बाबा बिडी पेटवून राहिले. आली, आली, आली... मेली सगळी. आता आमी तुरीत लपलो.”

मी मान वर केली तर बाबा माझ्याकडं बघत होते. खरं सांगते, शपथ मोडली असं मला तोवर वाटलंच नव्हतं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी खेळत होते.

मामा घाईनं म्हणाला, “पोरगी लई गोष्टी रचते. आक्का, आण ताट, मला लवकर निघायचंय.”

तिथंच त्याचं चुकलं. नवी गोष्ट कानावर आली की माणूस दचकतो, निदान विचारतो तरी. मामा दचकला नाही. बाबांनी ते बराबर टिपलं.

“तुला ठाऊक व्हतं,” बाबा म्हणाले.

मामानं खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, “दाजी, तुमच्या मेंढरांच्या पाठीवरचा गेरूचा पट्टा मी वळखत न्हाई व्हय? साहेब यायच्या आत म्याच खड्डा करून पुरली. इचारलं तवा सांगितलं, फिरस्त्याची व्हती, तो पळाला.”

मायला बाहेर यायला तेवढाच वेळ लागला. तिच्या हातात ताट होतं आणि चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी. तिला वाटलं, संपलं एकदाचं, भावानं निभावून नेलं. मलाही तसंच वाटलं. पण बाबा उठून उभे राहिले होते.

“आन् मघापासून हितं बसून माझं ऐकून राहिला? मनात हसून राहिला?”

“हसलो न्हाई, दाजी.”

“उपकार दाखवायला आला माझ्या घरात?”

“अवो, असं काहून बोलता?” माय म्हणाली. “त्यानं आपल्यासाठीच...”

“ऊठ हितून,” बाबा मामाला म्हणाले.

“ओवाळू तर द्या मला,” माय म्हणाली. “एवढं ओवाळू द्या, मग जाईल तो.”

“न्हाई.”

मामानं वाद घातला नाही. पायात चपला घातल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. त्याच्या कपाळाला कुंकूही लागलं नव्हतं. माय ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. ओसरीवर गाडी गोल गोल फिरत होती, ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मामानं ती मूठ नोकरी पणाला लावून झाकली होती आणि मी चार चिंचोक्यांनी उघडली. बाबांवर मी पुष्कळ वर्षं चिडून होते. आता थोडं कळतं. खोटं पकडलं गेलं की राग येतो, पण समोरच्यानं ते खोटं मायेनं ऐकून घेतलं होतं असं कळलं की त्याहून वाईट राग येतो. तो बाबांना गिळता आला नाही. दोन गोड शब्द बोलले असते तर काही बिघडलं नसतं, हेही मला तेवढंच कळतं.

पुढच्या दिवाळीला मामा आला नाही, गाडी आली. त्याच्या गँगमधला एक माणूस लाइनीनं जाता जाता वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका देऊन गेला. बाबांनी तो परत पाठवला नाही आणि हातातही घेतला नाही. मायनं कागद सोडला, उलटा-सुलटा करून पाहिला, खोक्यात हात घालून चाचपलं. चिठ्ठी नव्हती. गाडी खूप सुंदर होती, हिरवं इंजिन होतं. मी ती पुन्हा खोक्यात ठेवली.

संध्याकाळी माय ताट घेऊन अंगणात आली. जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. बीजेची कोर बारीक असते, सूर्यामागं लगेच मावळते, म्हणून ती घाई करत होती. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, “काहून वो बाई, तुला भाऊ हाय की!”

“त्याला सुट्टी न्हाई,” माय म्हणाली.

तिनं पदर नीट केला आणि पश्चिमेकडं तोंड करून ताट फिरवलं. बाबा दारात उभे होते ते पाठ फिरवून मेंढरांच्या वाड्यात गेले. माझा मामा जिवंत होता, तीन स्टेशनं पलीकडं होता, आणि माझी माय आभाळाला ओवाळत होती. मी तिच्याजवळ गेले. वर्षभर विचारायचं राहिलेलं विचारलं.

“माय, माझ्यामुळं व्हय?”

तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि निरांजनाला वारा लागू नये म्हणून तळहात आडवा धरला.